पच्चैअम्माचा एसी

व्यंकोजीराव आबदारांनी एसी बसवलेल्या गाडीचा मालक दुसऱ्या दिवशी शिंकत परत आला नाही, असं कुंभकोणममध्ये फार थोड्या वेळा झालं असेल. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ते स्टुलावर बसवत, समोरच्या टपरीतून कॉफी मागवत आणि मग छाती पुढे काढून म्हणत, “गार म्हणजे गार! कोमट वारा हवा असेल तर काच खाली करा की. त्यासाठी माझ्याकडे कशाला आलात?” एका दातांच्या डॉक्टरांच्या गाडीत ऐन मे महिन्यात मफलर ठेवलेला असतो. एक बाई स्वेटर घालून तिरुक्करुगावूरला दर्शनाला जातात आणि देवळापाशी उतरताना तो काढून सीटवर ठेवतात. ही दोन्ही गिऱ्हाइकं व्यंकोजीरावांचीच, आणि हे किस्से गावभर सांगत फिरणारेही तेच.

त्यांची शेड तंजावर रस्त्यावर, तिरुवलंचुळीच्या थोडी अलीकडे. पत्र्याचं छप्पर, त्यावर माडाच्या झावळ्या, आत व्हॅक्यूम पंप, गॅसचे सिलिंडर आणि कोपऱ्यात एक टेबलफॅन. होय, टेबलफॅन. साऱ्या गावाला हुडहुडी भरवणाऱ्या या गृहस्थांच्या शेडमध्ये एसी नाही आणि घरातही नाही. त्यांच्या पत्नी मीनाक्षीबाई यांचे गुडघे त्या हवेनं धरतात.

सतराव्या वर्षी व्यंकोजीराव बर्फाच्या कारखान्यात लागले. मिठाच्या पाण्याच्या टाकीतून बर्फाच्या लाद्या वर काढायच्या आणि भुशात रचायच्या, हे पहिलं काम. तिथून फ्रिज, फ्रिजवरून खिडकीतले एसी, आणि मोटारींना एसी यायला लागले तेव्हा मोटारी. आता वय बासष्ट. डोक्यावरचे केस कमी झालेत, पण बोलणं तिळभर कमी झालेलं नाही. त्यातही त्यांच्या घराण्याचा विषय निघाला की संपलंच. तंजावरच्या मराठी राजांच्या पदरी यांचे पूर्वज आबदार होते म्हणे, म्हणजे राजाच्या पिण्याच्या पाण्याची सगळी जबाबदारी त्यांची. सोऱ्याच्या, म्हणजे पाणी गार करणाऱ्या खाराच्या, पाण्यात सुरई बुडवून ठेवायची, पाणी गार झालं की राजापुढे न्यायचं. याला कागदाचा पुरावा विचाराल तर चिटोरंही नाही. पण व्यंकोजीराव गिऱ्हाइकाला ठासून सांगत, “आमच्या रक्तातच गारवा आहे!”

यावर मीनाक्षीबाई घरच्या मराठीत, त्या जुन्या वळणाच्या तंजावरी मराठीत म्हणत, “रक्त गार असतें तर बरें झालें असतें. तुमच्याएवढें लवकर कुणाचें तापत नाही.”

तर अशा या माणसाच्या शेडसमोर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक पिकअप येऊन थांबली. त्रेपन्न सालची अमेरिकन पिकअप, गोल गालांची, फिक्या हिरव्या रंगाची, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. इंजिन बंद केल्यावरही ती चार वेळा खोकली आणि मग शांत झाली. आतून एक बाई उतरली. पस्तिशीची, वेणीत मोगऱ्याचा गजरा, आणि नखांच्या कडेला पिवळट काहीतरी अडकलेलं.

“अण्णा, मी विशालाक्षी. स्वामीमलैच्या त्यागराज स्थपतींची मुलगी. हिला एसी बसवायचाय.”

त्यागराज स्थपतींना कोण ओळखत नव्हतं! पंचधातूच्या मूर्ती घडवणारा मोठा हात. दीड वर्षापूर्वी ते वारले. ही पिकअप त्यांचीच, आणि तिला ते पच्चैअम्मा म्हणत, म्हणजे हिरवी आई. व्यंकोजीरावांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, दार लावलं आणि दाराच्या फटीतून हात आरपार घालून दाखवला.

“अम्मा, हिला एसी? अहो, दार बंद असताना माझा हात आत जातोय! इथं एसी लावला तर आधी रस्ता गार होईल.”

विशालाक्षी हसली नाही. स्टुलावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं.

पंचधातूची मूर्ती आधी मेणाची करतात. मेणावर मातीचा लेप देतात, तो वाळला की भट्टीत तापवतात, मेण वितळून बाहेर येतं आणि त्या पोकळीत धातू ओततात. म्हणजे मेणात जे वाकडं, ते धातूत कायमचं वाकडं. तिरुप्पनंदाळच्या पलीकडे एक गाव आहे. त्या गावच्या देवळासाठी अंबाळची, म्हणजे देवीची, नवी मूर्ती घडवायचं काम त्यागराजांकडे होतं आणि आता हिच्याकडे आलं होतं. त्या गावची रीत अशी की धातू ओतण्याआधी मेणाची मूर्ती गावात न्यायची. दुपारची पूजा झाली की वडीलधारे तिला निरखून बघतात. पसंत पडली की गावातली माणसं एकेक चिमूट मेण तिच्या पायथ्याला दाबतात, म्हणजे प्रत्येकाचा वाटा त्या धातूत उतरतो.

“बाबा मार्गळीत न्यायचे, थंडीत,” विशालाक्षी म्हणाली. “मी गेल्या वर्षी पहिल्यांदा एकटी गेले, आणि गावानं तारीख उन्हाळ्यातली काढली. ओली फडकी गुंडाळून नेली, तरी वाटेत मेण मऊ पडलं. दार उघडलं तर अंबाळनं मान खाली घातलेली. चांगली दोन बोटं खाली. गावातले एक म्हातारे म्हणाले, देवीनं मान घालावी असं आम्ही काय केलंय? आणि दुसरे म्हणाले, त्यागराजांबरोबर त्यांचा हात पण गेला.”

व्यंकोजीराव कॉफी मागवायचंही विसरून ऐकत होते. हे फारसं घडत नाही.

“या वेळी बारा मे दिलीय त्यांनी. शेवटची. पुन्हा मान कलली तर काम दुसऱ्या कारखान्यात जाईल. कामाचं मी सोसेन, अण्णा. पण बापाची भट्टी मुलीला पेलली नाही, हे दहा गावांत पसरेल. मग माझ्याकडे कोण येणार?”

“मग एसी टॅक्सी करा की!”

“अडीच फुटांची उभी मूर्ती, खाली तुसाची टोपली. टॅक्सीत डोकं छताला लागतं. आडवी केली तर स्वतःच्या वजनानं वाकते. पच्चैअम्माचं छत उंच आहे, तिच्या सीटवर अंबाळ ताठ उभी राहते. बाबांनी साऱ्या मूर्ती हिच्यातूनच नेल्या.” मग ती उठली आणि डॅशबोर्डच्या पत्र्यावरची एक जागा तिनं दाखवली. तिथं मेणाचा एक वाळका ठिपका होता आणि त्यावर अंगठ्याच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. “हा बाबांचा अंगठा. हात पुसायचे इथं. म्हणून एक अट आहे. या डॅशबोर्डला भोक पाडायचं नाही.”

मे महिन्यात तिकडे अग्निनक्षत्र लागतं. ते पंचवीस दिवस कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. बारा तारीख नेमकी त्याच्या पोटात. कोणताही शहाणा माणूस नाही म्हणाला असता. व्यंकोजीराव म्हणाले, “दहा दिवस द्या. आत बर्फ पडेल बर्फ! अंबाळला शाल पांघरून न्यावी लागेल.”

आणि मग कामाला लागल्यावर त्यांना कळलं की आपण काय कबूल करून बसलोय. पच्चैअम्माची वीज सहा व्होल्टची. आजचा कुठलाही ब्लोअर सहा व्होल्टवर नुसता उसासा टाकतो. तेव्हा डायनॅमो काढला, अल्टरनेटर घातला, बॅटरी बदलली, दिवे बदलले, आणि हॉर्नही बदलावा लागला. कॉम्प्रेसर एका मोडीत निघालेल्या छोट्या गाडीचा मिळाला, पण तो इंजिनावर बसवायचा कशावर? त्रेपन्न साली ही जागा कुणी सोडून ठेवली नव्हती. व्यंकोजीरावांनी पुठ्ठ्याचा नमुना कापला, चार वेळा कापला, आणि पाचवा घेऊन लेथवाल्या जयकुमारकडे गेले. जाड लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट झाला, बसवला, पट्टा चढवला, आणि पट्टा तिरपा चालायला लागला. तेव्हा व्यंकोजीराव जयकुमारला जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. जयकुमार जे उलट बोलला ते तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनी एकत्र इडली खाल्ली आणि ब्रॅकेट तीन मिलिमीटर आत घेतला.

कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे उभा केला. कूलिंग कॉइलचा डबा डॅशबोर्डच्या खाली लटकवला, तोही आधीपासून असलेल्या बोल्टांना धरून. त्यागराजांच्या अंगठ्याला धक्का नाही. दारांना नवं रबर, फरशीवर डांबरी कापड, त्यावर काथ्याची जाड चटई, छताच्या आतून पुन्हा काथ्या. त्या फटीतून पुन्हा हात घालून पाहिला तेव्हा नखही आत जाईना. तासभर व्हॅक्यूम ओढला, वजन करून गॅस भरला, इंजिन चालू केलं. कॉम्प्रेसरचा क्लच टक् करून बसला, आणि डॅशबोर्डखालून हवा यायला लागली.

आता व्यंकोजीरावांची एक ठरलेली परीक्षा असे. टपरीतून वाफाळती कॉफी मागवायची, पेला एसीच्या हवेच्या जाळीसमोर ठेवायचा आणि तोंडात पान घालायचं. कुंभकोणमचं कोवळं पान, चुना, सुपारी, बस. पान चघळून संपायच्या आत कॉफी थंडगार झाली तर एसी पास. पच्चैअम्मात पान अर्धं व्हायच्या आतच कॉफीवर साय धरली. व्यंकोजीराव एवढे खूश झाले की त्यांनी ती थंड कॉफी पिऊनही टाकली.

नवव्या दिवशी विशालाक्षी आली. तिच्या हातात ओल्या फडक्यात एक मेणाचा हात होता, सरावासाठी केलेला, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत. बोटं काय नाजूक! कमळ धरल्यासारखी, एकेक बोट कणसाच्या देठाएवढं. तो हात सीटवर उशीला टेकवून उभा केला. बाहेर दुपारचे दोन वाजलेले, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. व्यंकोजीरावांनी ब्लोअरचा खटका शेवटपर्यंत फिरवला आणि जाळीचं तोंड नेमकं त्या हातावर धरलं.

“बघा आता! विरघळायची हिंमत आहे का त्याची!”

पंधरा मिनिटं ते फिरले. व्यंकोजीरावांच्या अंगावर काटा आला होता, विशालाक्षीनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. बोटं जशीच्या तशी. व्यंकोजीराव घराण्याची गोष्ट सांगायला लागले होते, सुरईपर्यंत आलेही होते, तेवढ्यात शाळेसमोरचा गतिरोधक आला. गाडी उचलली गेली, खाली बसली, आणि ‘कट्’ असा बारीक आवाज झाला.

करंगळी तुटून सीटवर पडली होती. मग तिच्या शेजारचं बोट.

“हे कसं झालं?” व्यंकोजीराव ओरडले. “वितळलं तर नाही ना ते!”

विशालाक्षीनं गाडी कडेला घेतली आणि तुटलेलं बोट तळहातावर घेऊन पाहत राहिली. “यात राळ असते, अण्णा. नुसतं मेण नाही. तापलं की हे लोळतं आणि फार गारठलं की काचेसारखं तडकतं. थोडा धक्का बसला की गेलं. चूक माझी, मी आधी सांगायला हवं होतं.” तिचा आवाज अगदी साधा होता, म्हणूनच व्यंकोजीरावांना तो जास्त लागला. “त्याला सावलीतल्या माठाएवढा गारवा पुरतो. एवढं गार त्याला नको.”

एवढं गार नको! पंचेचाळीस वर्षांत हे वाक्य त्यांना शेकडो माणसांनी ऐकवलं होतं आणि त्यांनी ते शेकडो वेळा कॉफी पाजून परतवलं होतं. पण मेणाच्या बोटाला कॉफी कशी पाजणार? तीन दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी ते घरी आले ते तोंड पाडून. पायही धुतले नाहीत, तसेच झोपाळ्यावर बसले.

“काय झालें?” मीनाक्षीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

“बोटें तुटलीं.”

“अगो बाई! कुणाचीं?”

“अंबाळचीं,” व्यंकोजीराव म्हणाले आणि मग सगळं सांगितलं. “एसी कमी केला तर ऊन जिंकतें, वाढवला तर बोटें तुटतात. आणि ती पोर मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरें झालें असतें.”

मीनाक्षीबाईंनी त्यांच्यापुढे माठातल्या पाण्याचा तांब्या ठेवला. “एक विचारूं? तुमचे ते आबदार, राजाला बर्फ पाजीत होते काय?”

“म्हणजे?”

“राजाचे दात ठणकले असते, घसा बसला असता, तर आबदाराची गत काय झाली असती? त्याला पाणी गार करायला नव्हतें ठेवलें. राजाला सोसेल इतकेंच गार करायला ठेवलें होतें. सुरई कधी बाहेर काढायची, तेंच तर त्याचें काम. तुम्ही तेवढें सोडून बाकी सगळें सांगत फिरता.”

व्यंकोजीरावांनी तांब्या तोंडाला लावला होता, तो तसाच राहिला. चाळीस वर्षं ही गोष्ट ते सांगत होते आणि चाळीस वर्षं ही बाई ती ऐकत होती. त्यांना राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट हसू आलं.

“मीनाक्षी,” ते म्हणाले, “हें तूं आधी कां नाही सांगितलेंस?”

“तुम्ही कधी बोलूं दिलेंत?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तडक कोंबड्यांची अंडी उबवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे गेले. उबवणीच्या पेटीत एक छोटा डिजिटल थर्मोस्टॅट असतो. त्याच्या तारेच्या टोकाला ऊब कळते आणि ठरवलेला आकडा आला की तो पेटी तापवणं आपोआप थांबवतो. तसाच एक त्यांनी आणला आणि कॉम्प्रेसरच्या क्लचला जोडला. पण तारेचं टोक ठेवायचं कुठे? हवेत ठेवलं तर ते हवेचं तापमान सांगणार, आणि हवेशी व्यंकोजीरावांना काय करायचं होतं? त्यांनी विशालाक्षीकडून तिच्या मेणाचा लिंबाएवढा गोळा मागून घेतला, तारेचं टोक त्याच्या पोटात खुपसलं आणि तो गोळा सीटवर, मूर्तीच्या जागेशेजारी ठेवला. आता मेणाला काय होतंय ते मेणच सांगणार होतं. आकडा लावला सव्वीस. जाळीचं तोंड खाली वळवलं, म्हणजे हवा आधी चटईवर पडेल आणि मग हळूच वर येईल.

कॉफी त्या दिवशी वाफाळतीच राहिली. पान संपलं तरी पेल्याचा हाताला चटका बसत होता. व्यंकोजीरावांनी पेल्याकडे पाहिलं, मोठा सुस्कारा टाकला आणि गरम कॉफी प्यायले. मग जोडलेल्या बोटांचा तो मेणाचा हात शेजारी ठेवून त्यांनी भर दुपारी तीन तास गाडी फिरवली. कुंभकोणममधला एकही गतिरोधक सोडला नाही. बोटं शाबूत राहिली.

बारा तारखेला साडेदहाला ते निघाले. विशालाक्षी गाडी चालवत होती, व्यंकोजीराव खिडकीशी, आणि मधे तुसाच्या टोपलीत अंबाळ उभी. मधाच्या रंगाची, एक हात कमळ धरायला उचललेला, दुसरा सैल सोडलेला, मान ताठ. तिच्या पायांशी तार खुपसलेला मेणाचा गोळा. व्यंकोजीराव अंग चोरून बसले होते. इतक्या जवळ देवी बसल्यावर घराण्याच्या गोष्टी सांगाव्यात की नाही ते त्यांना कळेना, म्हणून सगळा रस्ता ते आकडा वाचत राहिले. सव्वीस. सव्वीस. पंचवीस. सव्वीस.

तिरुप्पनंदाळ मागे पडलं, आणि पुढे रस्ताच बंद! गवताच्या पेंढ्यांनी लादलेला ट्रॅक्टर आडवा झालेला, रस्ताभर गवत, माणसं ते उचलतायत. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. पच्चैअम्मा जागच्या जागी गुरगुरत उभी. धावत्या गाडीला वारा मिळतो. उभ्या गाडीला कुठला? पाच मिनिटांत इंजिनाचा काटा लाल रेघेला टेकला.

“एसी बंद करा, अण्णा. इंजिन जाईल.”

“आणि हिची मान?”

“इंजिन गेलं तर मान पण जाईल!”

व्यंकोजीरावांनी खटका बंद केला. काथ्या त्याचं काम करत होता, पण ऊन ते ऊनच. सत्तावीस. अठ्ठावीस. विशालाक्षी स्टिअरिंगवर दोन्ही हात घट्ट धरून समोर पाहत होती. “बत्तीसच्या वर गेलं तर मला सांगू नका,” ती म्हणाली. एकोणतीस.

व्यंकोजीराव दार पटकन उघडून बाहेर पडले आणि तसंच पटकन लावून घेतलं. आजूबाजूला नळ नाही, विहीर नाही. चिंचेखाली एक म्हातारा शहाळ्यांचा ढीग लावून बसला होता. हौद्यातलं गोणपाट काढून त्यांनी पच्चैअम्माच्या तोंडावर, जाळीसमोर बांधलं आणि धावत म्हाताऱ्याकडे गेले.

“शहाळी फोडा! दहा! वीस! पाणी इकडे ओता!”

“पिणार कोण?”

“गाडी!”

म्हाताऱ्यानं एकदा त्यांच्याकडे आणि एकदा काचेतून दिसणाऱ्या देवीकडे पाहिलं. मग त्याची भीड एकदम चेपली. कोयता उचलला आणि शहाळ्यामागून शहाळं फोडत तो स्वतःच गोणपाटावर ओतायला लागला, वर तोंडानं काहीतरी पुटपुटतही होता. गवत उचलणारी माणसं काम टाकून आली. एकानं हात जोडले. रेडिएटरला शहाळ्याचा अभिषेक चाललेला पंचक्रोशीनं पहिल्यांदाच पाहिला असेल. ओल्या गोणपाटातून पंखा हवा ओढू लागला आणि बाराव्या शहाळ्याला काटा लाल रेघेवरून खाली सरकला.

“एकतीस!” आतून विशालाक्षीचा आवाज आला. आकडे वाचायला नको म्हणणारी तीच वाचत होती.

“एसी लावा! लावा आता!”

टक्. क्लच बसला. व्यंकोजीरावांना आयुष्यात इतका गोड आवाज कुठला लागला नव्हता. सगळे मिळून गवत उचलायला धावले, व्यंकोजीरावही, आणि गाडी निघाली तेव्हा आकडा अठ्ठावीसवर आला होता.

गावात दुपारची पूजा नुकतीच आटोपली होती. देवळाच्या मंडपात माणसं वाट पाहत होती, आणि सगळ्यांच्या पुढे काठी टेकून चंद्रमौळी उभे होते, गेल्या वर्षी देवीनं मान का घालावी असं विचारणारे तेच म्हातारे. त्यांनी स्वतः दार उघडलं. गारवा त्यांच्या तोंडावर आला, तशी त्यांची भुवई वर गेली. मूर्ती टोपलीसकट मंडपाच्या सावलीत ठेवली गेली. चंद्रमौळींनी कनवटीचा एक दोरा काढला, टोकाला हळकुंड बांधलेला. दोऱ्याचं वरचं टोक अंबाळच्या मस्तकावर धरलं आणि हळकुंड खाली सोडलं.

दोरा हलत होता. विशालाक्षीनं व्यंकोजीरावांचं मनगट धरलं होतं, आपण धरलंय हे तिला माहीतही नव्हतं.

दोरा स्थिरावला. नाकाच्या शेंड्यावरून, बेंबीवरून, दोन्ही टाचांच्या बरोबर मधे. चंद्रमौळींनी पुन्हा पाहिलं, बाजूनं पाहिलं, वाकून उचललेल्या हाताची बोटं मोजली. मग दोरा गुंडाळला.

“त्यागराजांनी मान एवढी ताठ कधी ठेवली नव्हती,” ते म्हणाले. “ही तुझी आहे, पोरी.”

विशालाक्षी तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. व्यंकोजीरावांनी वर छताकडे पाहिलं, कारण खाली पाहणं त्यांना जमेना.

मग माणसं पुढे येऊ लागली. म्हाताऱ्या बायका, पुजारी, गवत उचलणाऱ्यांपैकीही दोघं मागोमाग आले होते. प्रत्येकानं चिमूटभर मेण पायथ्याला दाबलं. चंद्रमौळी तोवर पच्चैअम्माच्या सीटवर जाऊन बसले होते. आतून त्यांचा आवाज आला, “एसी म्हणतात तो हाच का? एवढंच गार?”

सगळ्यांनी व्यंकोजीरावांकडे पाहिलं. दहा दिवसांपूर्वी कुणी हे विचारलं असतं, तर त्याला अंबाळच्या देखत घराण्याचा सगळा इतिहास ऐकावा लागला असता.

“हो,” व्यंकोजीराव म्हणाले. “एवढंच.”

विशालाक्षीनं डोळे पुसले, गाडीतून तो लिंबाएवढा गोळा आणला आणि त्यातली तार हळूच ओढून काढली. तिनं तो व्यंकोजीरावांच्या हातावर ठेवला.

“मी?” ते म्हणाले. “मी या गावचा नाही, अम्मा.”

“वाटभर हिच्याजवळ बसलेलं मेण हेच आहे. लावा.”

त्यांनी वाकून तो गोळा पायथ्याच्या मागच्या बाजूला ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. मेण ना कडक होतं ना मऊ, अगदी हवं तसं बसलं. अंगठा काढला तर त्यावर रेषा उमटलेल्या. ते घाईघाईनं पुसायला गेले, तर विशालाक्षीनं त्यांचा हात धरला.

“राहू द्या, अण्णा. तशीच ओतते मी.”

व्यंकोजीराव घरी पोचले तेव्हा मीनाक्षीबाई दारातच उभ्या होत्या. काय झालं हे त्यांनी विचारायच्या आधीच या गृहस्थांनी उजव्या हाताचा अंगठा त्यांच्या तोंडासमोर धरला. त्यावर अजून थोडं मेण होतं. मीनाक्षीबाईंनी तो अंगठा आपल्या दोन्ही हातांत घेतला.